मडमेचा गोटा आणि भागामाय

बुलढाण्यात राहायला आले त्याच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी दारातून आवाज आला, "बाई, भाजी घेऊन आलो. घेता, का मी जातो?"

आवाज जाड, जरा घोगरा. मी आत चुलीपाशी होते. एकट्या बाईच्या दारात सकाळी सकाळी कोण पुरुष येऊन उभा राहिला म्हणून मी पदर सावरला, चेहरा जमेल तेवढा कडक केला आणि बाहेर आले. दारात एक उंच, काळीसावळी, पन्नाशीला टेकलेली बाई उभी होती. कासोटा घातलेला, डोक्यावर टोपलं, आणि त्या टोपल्याला हात न लावता ती माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघत होती.

मी मूळची साताऱ्याकडची. अमरावतीला शिकले आणि सरकारी मुलींच्या शाळेत नेमणूक होऊन इकडे आले. वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेला होता. सगळा कारभार नागपुराहून चाले, आणि बुलढाण्याला कचेऱ्या, बंगले आणि आमची शाळा एवढाच काय तो थाट. वऱ्हाडातल्या बायका स्वतःबद्दल 'येतो, जातो' म्हणतात हे मला त्या सकाळी कळलं. ते कानाला सरावायला वर्ष गेलं. त्या वर्षात ही भाजीवाली भागामाय मात्र कानालाच काय, घरालाही सरावली.

त्या दिवशी मी तिला कोथिंबीर मागितली. तिने शांतपणे मान हलवली. "नाई."

टोपल्यात तर चार ताज्या जुड्या दिसत होत्या. मी बोट दाखवलं.

"हा तं सांबार हाय," ती म्हणाली. "कोथिंबीर म्हनता तुमी याले? बिमारीचं नाव वाटते."

मग मी भेंडी घ्यायला बसले आणि आईने शिकवल्याप्रमाणे एकेकीचा शेंडा मोडून बघू लागले. तिने माझा हात धरला. मोडलेल्या पाच भेंड्या मोजून माझ्या सुपात टाकल्या. "मोडल्या त्या तुमच्या. भेंडीकडं नीट पाह्यलं असतं तं तिनंच सांगतलं असतं, कवळी हाय का निबर."

ती टोपलं उचलून निघून गेली. मी सुपातल्या पाच भेंड्यांकडे बघत राहिले. पाचही कोवळ्या होत्या.

भागामायचं वावर गावाच्या उताराला, नाल्याच्या काठी होतं. विहीर, मोट, आणि दोन-अडीच एकर भाजीपाला. मोट तिचा नवरा तुकाराम हाकायचा. तो बैलांशी बोलायचा, माणसांशी क्वचित. घराच्या अंगणात दोन चुली. एक भागामायची, एक तिच्या थोरल्या जावेची. जमीन सामाईक, काम सामाईक, आणि कोणी काय करायचं हे थोरलीने सांगायचं, अशी रीत. भागामाय ती रीत पाळायची. पण पाळताना ओठ असे आवळायची की बघणाऱ्याला सगळं समजावं.

तिच्या हाताला गुण आहे असं सगळं गाव म्हणायचं. तिने वाळकी काडी रोवली तरी पालवते, अशी ख्याती. ते ऐकलं की ती चिडायची. "हाताले कायचा गुण? हात तं सगळ्यायलेच हाय. डोये पाह्यजे." ती स्वतः वांग्याच्या रोपापुढे उकिडवी बसून इतका वेळ बघत राहायची की मला वाटे, हिला झोप लागली. मग एकदम उठून दोन वाफे सोडून तिसऱ्यातलंच एक रोप उपटून टाकायची. का, म्हणून विचारलं तर म्हणायची, "त्याचं मन नाई."

रिकाम्या हाताने बसलेली मी तिला पाहिली नाही. माझ्या ओसरीवर चहा प्यायला टेकली तरी एका हाताने शेंगा सोलत असायची. चहा बशीत ओतून फुंकायची नाही, गरमच प्यायची आणि वर म्हणायची, "तुमच्या इकडचा चहा लय फिका." रागही मोठा. एकदा शाळेच्या शिपायाने झेंडूच्या वाफ्यात भर दुपारी पाणी घातलं म्हणून तिने त्याला असं झापलं की तो पुढे महिनाभर तिला बघितलं की झारीच लपवायचा.

आता गोट्याची गोष्ट.

बंगल्यांपैकी एकात त्या वेळी जो साहेब होता त्याच्या मडमेला झाडांचा शौक होता. तिने बोटीच्या प्रवासात कुठून तरी एक काटेरी गोळा आणला होता. पान नाही, फांदी नाही. लोट्याएवढा हिरवा गोळा आणि त्यावर फोडींसारख्या उभ्या धारा. पुष्कळ वर्षांनी एका कॉलेजातल्या प्राध्यापकांनी मला सांगितलं की हा दक्षिण अमेरिकेतला निवडुंग, अर्जेंटिना-ब्राझीलकडचा, आणि त्याचं नाव एकिनॉप्सिस. भागामाय त्याला गोटा म्हणायची. माझ्याही तोंडात तेच नाव बसलं.

बंगल्याच्या माळ्याला हुकूम होता, सगळ्या कुंड्यांना सकाळ-संध्याकाळ पाणी. त्याने तो इमानाने पाळला. पावसाळ्यात गोटा सडला. त्याच सुमारास साहेबाची बदली झाली, सामानाचा लिलाव झाला आणि सडका गोटा कुंडीसकट उकिरड्यावर गेला. भागामाय शेवटची भाजी पोचवायला गेली होती. तिथून ती थेट माझ्याकडे आली. पदराच्या टोकात काही तरी धरलं होतं.

"बाई, हे पाहा."

बोराएवढं हिरवं पिल्लू होतं. बारीक काट्यांनी भरलेलं. सडलेल्या गोळ्याच्या बुडाशी तेवढंच एक जिवंत राहिलं होतं. ते तिने विळ्याने कापून घेतलं होतं.

"काय करणार याचं?" मी म्हटलं. "काटेच तर आहेत."

"काटे बोरीले बी हाय. बोरी कोनी फेकते का?"

तिने माझ्याच चुलीतली राख मागून घेतली. पिल्लाच्या बुडाचा जरासा काळपट भाग आणखी कापला, आत स्वच्छ हिरवं दिसेपर्यंत. कापलेल्या जागेवर राख लावली आणि ते माझ्या कोनाड्यात उलटं ठेवून दिलं. घरी नेलं तर नातेवाइकांची पोरं खेळायला घेतील म्हणून माझ्याकडे.

चार दिवसांनी मला राहवेना. मी विचारलं, "मातीत नाही का लावायचं? मरेल ते."

"जखमेवर माती टाकते का कोनी? सुकू द्या."

ते बारा-पंधरा दिवस कोनाड्यात कोरडं पडून होतं. मग ती एक खापराची लहान कुंडी घेऊन आली. बुडाला भोक, भोकावर फुटक्या कौलाचा तुकडा. माती म्हणावी अशी त्यात फार थोडी. नाल्यातली जाड रेती, मुरूम, विटेचा चुरा आणि चाळून घेतलेलं दोन वर्षांचं जुनं शेणखत मूठभर. त्यावर तिने पिल्लू नुसतं टेकवलं, पुरलं नाही. पाणी दिलं नाही.

"कधी द्यायचं?"

"त्यानं मागतलं की."

ते कसं मागणार, हे मला तिने पुढे शिकवलं. ती कुंडी उचलून तळहातावर तोलायची. हलकी फूल झाली तर पाणी, नाही तर नाही. पाणी द्यायचं ते मात्र खालच्या भोकातून निघेपर्यंत, पोटभर; मग विसरून जायचं. "पानी म्हंजे काय आशीर्वाद हाय का, उठसूट द्याले?" पहिलं वर्ष तिने त्याला सकाळचंच ऊन दाखवलं, दुपारी सावलीत. दिवाळी गेली, बुलढाण्याची ती पठारावरची कडक थंडी सुरू झाली, तशी तिने पाणी अजिबात बंद केलं ते शिवरात्रीपर्यंत. गोटा सुरकुतला. मला वाटलं, गेला. ती म्हणाली, "झोपला हाय. झोपलेल्याच्या तोंडात पानी वतता का?"

शिवरात्रीनंतर पहिलं पाणी मिळालं आणि आठ दिवसांत तो पुन्हा तट्ट फुगला. दुसऱ्या वर्षी संत्र्याएवढा झाला, तेव्हा ती तो आपल्या घरी घेऊन गेली.

हे तिला कुठून आलं? गोटा तर तिने जन्मात पाहिला नव्हता. मी एकदा विचारलं. तिचं माहेर डोणगावकडचं. बाप एका देशमुखाच्या संत्र्याच्या बागेत कलमं बांधायचा. जंबेरीच्या, म्हणजे रानलिंबाच्या, खुंटावर संत्र्याचा डोळा बसवायचा. पोरीने चाकूला हात लावायचा नाही, पण पाणी आणून द्यायचं, बांधायला केळीचं सोपट धरायचं. "बाप शिकवत नव्हता," ती म्हणाली. "मी पाहून राह्यलो होतो."

झाड मागितलं तर ती कधी द्यायची नाही. मागून आणलेलं झाड लागत नाही, चोरून आणलेलं लागतं, यावर तिचा पक्का विश्वास. त्यामुळे कोणी मोगऱ्याचं रोप मागितलं की ती म्हणायची, "नाई देत," आणि त्या माणसाकडे पाठ करून खुशाल दुसरीकडे बघत उभी राहायची. नवख्या माणसांना ते कळायचं नाही. ती बिचारी रिकाम्या हाताने परत जायची आणि भागामायला कंजूष म्हणायची.

गोटा घरी नेला तिथून अडचण सुरू झाली.

भागामायच्या मुलाचं लग्न होऊन चार वर्षं झाली होती. सून सखू. लहानखुरी, गोरटेली, फार हळू बोलणारी. तिला दोनदा दिवस गेले आणि दोन्ही वेळा मूल जगात आलं ते निपचित. दुसऱ्यांदा झालं तेव्हा गोटा भागामायच्या अंगणात, तुळशीपासून चार हातांवर होता. थोरली जाऊ म्हणाली, काट्याचं परदेशी झाड दारात, मूल टिकेल कसं? मग गल्लीतली प्रत्येक बाई तेच म्हणू लागली.

भागामायने आधी कानाडोळा केला. मग एके दिवशी ती कुंडी घेऊन माझ्याकडे आली आणि ओसरीवर ठेवली.

"राहू द्या तुमच्या इथं."

"तुम्हालाही पटतं हे?" मी जरा टोचूनच विचारलं. मी शिकलेली, मला तेव्हा अशा गोष्टींचा फार राग यायचा.

तिने चहाचा कप खाली ठेवला. "मले नाई पटत," ती म्हणाली. "पन सखूच्या डोस्क्यात बसलं. पोरगी रातभर त्या कुंडीकडं पाहून राह्यते. डोस्क्यातला काटा मी कसा काढू? मंग झाडच काढलं."

पुढे पुष्कळ पुस्तकं वाचली, पण माझ्या त्या प्रश्नाची लाज गेली नाही.

पुढच्या वर्षी सखूला पुन्हा दिवस गेले. भागामाय सकाळी भाजी न घेता आली. "बाई, दवाखान्यात चाला. त्या नर्सबाईची भाषा मले समजत नाई, अन् माही तिले."

आम्ही तिघी गेलो. नर्सबाई चांगली होती. तिने सखूला तपासलं आणि सांगितलं, अंगात रक्त नाही, ओझं उचलायचं नाही, वाकून काम नाही, पोटभर खायचं, वेळेवर दाखवायला यायचं. मी ते सगळं भागामायला समजावलं. तिने एकेक गोष्ट परत म्हणून दाखवली, मुलीने धडा म्हणावा तशी.

बाहेर आल्यावर सखू रडू लागली. ओझं उचलायचं नाही हे घरात सांगणार कोण? थोरली काम वाटून देते. आणि कारण सांगितलं तर तिसऱ्यांदा दिवस गेल्याचं गावभर होणार. दोन वेळा सगळ्यांना सांगितलं, दोन्ही वेळा नजर लागली. ह्या वेळी पाच-सहा महिने कोणाला कळू द्यायचं नाही, म्हणून ती सासूचे पाय धरायला लागली.

भागामाय तिला म्हणाली, "चाल घरी. अन् आज मी काई बी बोललो तं मनावर घेऊ नको."

त्या संध्याकाळी भागामायने अंगणात उभं राहून सुनेशी जे भांडण काढलं त्याची चर्चा बाजारात झाली. सखूला जुडी बांधता येत नाही, सखू वांगी डागाळते, सखूच्या हाताने गिऱ्हाईक तुटतं. "आजपासून हिनं माह्या वावरात पाय ठेवाचा नाई, माह्या टोपल्याले हात लावाचा नाई. घरात बसून रांधू दे." थोरली मध्ये पडली तर तिलाही ऐकवलं. तुकारामने म्हणे त्या दिवशी पहिल्यांदा बैल सोडून माणसांकडे मान वर करून बघितलं.

पुढचे सात महिने भागामायने सुनेचं टोपलंही स्वतः वाहिलं. सकाळी एक खेप, मग परत जाऊन दुसरी. मी शाळेत जाताना तिला बंगल्यांच्या चढावर बघायची. मानेच्या शिरा ताणलेल्या, पण चाल तीच. लोक म्हणायचे, म्हातारीला सुनेचं सुख बघवत नाही. खजांची म्हणून माझ्याच शाळेतली एक शिक्षिका होती; ती मला म्हणाली, "एवढी कजाग बाई आणि तुम्ही तिला चहा पाजता?" मला खरं सांगावंसं वाटलं. भागामायने आधीच बजावलं होतं, "तुमी मधात बोलू नका."

त्या पावसाळ्यात गोटा माझ्या ताब्यात होता. आणि मी त्याला मारायला निघाले होते.

मी त्याच्यावर माया करत होते. रोज सकाळी उठून बघायचं, माती कोरडी वाटली की थोडं पाणी. थोडंच. भागामाय दोन-दोन खेपांत दमलेली. तिला मी विचारलं नाही. श्रावणात एके दिवशी गोट्याला हात लावला तर बोट आत गेलं. बूड पिवळं, मऊ. वास.

मी निरोप पाठवला. ती टोपलं उतरवून आली. कुंडी उचलून बघितली आणि माझ्याकडे बघितलं. ओरडेल असं वाटलं होतं. ओरडली नाही. "रोज देल्लं," एवढंच म्हणाली.

चाकू मागितला. उकळत्या पाण्यात बुडवून पुसला. खालून एकेक चकती कापत गेली. पिवळी, पिवळी, मग डागाची, मग आणखी एक. शेवटी स्वच्छ हिरवं लागलं तेव्हा हातात लिंबाएवढा शेंडा उरला होता. मध्यभागी फिकट गोल कडं दिसत होतं.

"आता राखेत सुकवायचं ना?" मी म्हणाले.

"या हवेत सुकत नाई. सडन." ती उठली, शाळेच्या मागच्या कुंपणाकडे गेली आणि तिथल्या नागफणीचं, म्हणजे फड्या निवडुंगाचं, एक जाड, तरणं पान मुळासकट घेऊन आली. ती नागफणी तेव्हा सगळीकडे माजलेली; गायरानं, रस्ते, पडकी घरं, काही सोडलं नव्हतं. लोक शिव्या द्यायचे. भागामायने ती एका कुंडीत रोवली, तिचा माथा सपाट उडवला आणि त्या ओल्या कापावर गोट्याचा शेंडा बसवला. बसवताना डोळे बारीक केले. "याचं कडं त्याच्या कड्याले भिडलं पाह्यजे. संत्र्याचं बी तसंच." दोन्ही बाजूंनी बाभळीचे काटे टोचून तो पक्का केला, वरून सुताने आडवंतिडवं बांधलं आणि कुंडी माझ्या आतल्या खोलीत, कोरड्या कोपऱ्यात ठेवली.

"आता याले पाहू बी नका."

मी खरंच नऊ दिवस त्या कोपऱ्याकडे गेले नाही. दहाव्या दिवशी तिने सूत सोडलं आणि बोटाने हळूच ढकलून बघितलं. हललं नाही. महिन्याभरात गोटा वर फुगायला लागला. काय विचित्र ध्यान दिसायचं ते. नागफणीच्या चपट्या पानावर काटेरी चेंडू. शाळेतल्या मुली घरी आल्या की त्याला पगडीवाला म्हणायच्या.

कार्तिकात सखू बाळंत झाली. मुलगी. रडली, आणि चांगली रडली.

गावाने निकाल दिला: झाड गेलं म्हणून मूल आलं. थोरली ते ज्याला त्याला सांगत सुटली. मी बारशाला गेले होते. माझ्यासमोरच ती म्हणाली, "मी सांगतलंच होतं, त्या काट्याचाच दोष." मी भागामायकडे बघितलं. ती सुंठवडा वाटत होती.

परत निघताना मी तिला गाठलं. "तुम्ही सात महिने मान मोडली, ते कोणाला कळायलाच नको का?"

"म्हनू द्या ना बाई. पोट्टी आली का नाई?"

"आणि लोक तुम्हाला वाईट म्हणतात ते?"

"त्यायनं माही भाजी घेनं बंद केलं का?"

ती आत वळली.

त्यानंतरच्या वर्षी नागफणीवर पांढरा किडा आला. कापसाचा बोळा चिकटवावा तसा दिसायचा, आणि बोटाने चिरडला की लालभडक. सरकारनेच नागफणी मारायला सोडलाय, असं लोक म्हणत. वर्ष-दोन वर्षांत कुंपणंच्या कुंपणं वाळून बसली. गायरानं मोकळी झाली, शेतकरी खूश झाले. पण आमचा गोटा नागफणीच्याच जिवावर उभा होता.

किडा माझ्या ओसरीवर पोचला तेव्हा भागामाय रोज येऊन रिठ्याच्या आणि तंबाखूच्या पाण्यात चिंधी भिजवून ते पान पुसायची. पंधरा दिवस तिने नेट धरला. सोळाव्या दिवशी चिंधी खाली ठेवली. "हे नाई वाचत," ती म्हणाली. "आपन एक झाड पुसून राह्यलो, अन् किडे साऱ्या जिल्ह्यातून येऊन राह्यले."

तोपर्यंत गोट्याला बुडाशी पाच पिल्लं फुटली होती. तिने मोठा गोटा पुन्हा कापला, पिल्लं वेगळी केली, आणि सगळं माझ्या कोनाड्यात राखेत ठेवलं. या वेळी मी विचारलं नाही. वैशाखाचे दिवस होते, हवा कोरडी. सगळ्यांना मुळं धरली. मोठा गोटा मी शाळेच्या ओसरीवर नेऊन ठेवला. नागफणीचं वाळलेलं पान तिने स्वतः नेऊन जाळलं, किडा पसरू नये म्हणून.

एका बाबतीत मात्र ती चुकली. "याले फूल-बिल काई येत नाई. गोटा तो गोटा," असं ती सुरुवातीपासून म्हणायची. मी फुलाचं नाव काढलं की हसायची. दोन वर्षांनी, कडक थंडीत पाण्यावाचून काढलेल्या गोट्याच्या कडेला उन्हाळ्याच्या तोंडाशी एक करड्या लोकरीचा ठिपका दिसला. तो वाढत वाढत वीतभर लांब, केसाळ नळी झाला. एका दिवशी दिवेलागणीला तिचं टोक सुटलं. सकाळी शाळेत आले तर त्या ओबडधोबड गोळ्यावर पांढरं, कडेला किंचित गुलाबी, माझ्या तळहातापेक्षा मोठं फूल उमललेलं होतं. मंद वास होता.

मुलींची ही झुंबड. मी शिपायाला भागामायकडे पिटाळलं. ती आली, आणि तिच्यामागे, कडेवर पोरगी घेतलेली सखू. ज्या झाडाने तिची झोप उडवली होती त्याच्याजवळ ती आपणहून चालत आली. बघत राहिली. कडेवरच्या पोरीने फुलाकडे हात केला. सखू क्षणभर घुटमळली, आणि मग तिने पोरीला खाली वाकवलं, तिचं बोट धरून काट्यांपासून दूर ठेवत फुलाच्या पाकळीला लावलं.

भागामायने ते पाहिलं. मग फुलाकडे पाहिलं. "चुकलो," ती मला म्हणाली. "येते याले."

दुपारी फूल मिटलं. भागामाय तोवर थांबली नव्हती. टोपल्यातली भाजी सुकत होती.

माझी बदली पुढे साखरखेर्ड्याला झाली आणि तिथून आणखी कुठे कुठे. गोट्याची पिल्लं माझ्याबरोबर फिरली. बुलढाण्याला परत जाणं झालं ते चार-पाच वर्षांनी, परीक्षेच्या कामासाठी, एका दिवसापुरतं. काम संपवून मी उताराने वावरात गेले. भागामाय लिंबाखाली बाजेवर होती. दमा जडला होता, डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता. सखू वाफ्यात होती. आता गड्यांना कामं तीच वाटून देत होती. मुलगी शाळेत गेली होती. दुसरीत आहे, असं भागामायने मला तीनदा सांगितलं.

मी जवळ बसले. तिने माझा दंड चाचपला. "वायल्या तुमी, बारीक झाल्या. एकटीसाठी रांधत नसान."

पाऊण तास आम्ही बोललो. मग तिनेच मला उठवलं. "बसू नका, मोटार जाईन." सखू नको नको म्हणत असताना ती उठली आणि मला रस्त्यापर्यंत सोडायला निघाली. पावलागणिक धाप लागत होती. अर्ध्या वाटेवर ती थबकली. मला वाटलं दम लागला. ती कान देऊन ऐकत होती. मिरचीच्या पाटाला कुठे तरी भगदाड पडलं होतं आणि पाणी वाटेकडे पळत होतं. मला ते ऐकूही आलं नव्हतं.

ती खाली बसली. हातांनी चाचपत फुटलेली जागा शोधली, दोन्ही ओंजळींनी चिखल ओढला आणि थापायला लागली. मी म्हटलं, "भागामाय, येते मी." तिने ऐकलं नाही. मी थोडी उभी राहिले. मग रस्त्याला लागले. चढावरून वळून पाहिलं तर ती तशीच पाटाच्या काठी बसलेली, कोपरापर्यंत हात पाण्यात, आणि पाणी पुन्हा मिरचीकडे वळलेलं.